खुब्याचं हाड मोडलं: प्रकार, ऑपरेशन आणि नंतरची काळजी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

"बुढी पडली, पाय उचलत नाही" असं सांगत नातेवाईक येतात, तेव्हा हातात एक्स-रे असतो आणि डोक्यात गावभरातून गोळा झालेले सल्ले. विदर्भाच्या ग्रामीण भागात हाडांचा डॉक्टर म्हणून काम करताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात, त्यांची उत्तरं इथे लिहिली आहेत. तुमच्या रुग्णाचा निर्णय त्याला तपासणारा डॉक्टरच घेईल. पण त्याच्यासमोर बसताना काय विचारायचं, हे घरच्यांना ठाऊक असलं की वेळ वाचतो, आणि या आजारात वेळेला फार किंमत आहे.

खुबा म्हणजे नेमकं कोणतं हाड?

मांडीच्या हाडाचं वरचं टोक. त्याला गोल डोकं असतं, ते कमरेच्या हाडातल्या वाटीत बसतं. डोक्याखाली बारीक मान, आणि मानेखाली दोन उंचवटे, एक बाहेरच्या बाजूला मोठा आणि एक आतल्या बाजूला छोटा. लोक सरसकट "बॉल फुटला" म्हणतात. प्रत्यक्षात गोल डोकं क्वचितच मोडतं. मोडते ती मान, नाहीतर उंचवट्यांमधला भाग. या दोन मोडींत फार मोठा फरक आहे. तो पुढे सांगतो.

घरी कसं ओळखायचं?

पडलेलं माणूस उठू शकत नाही, जांघेत कळ येते, आणि उताणं झोपवलं की एक पाय आखूड दिसतो. त्या पायाचा तळवा बाहेरच्या बाजूला कलंडलेला असतो. दुसऱ्या पायाची बोटं आढ्याकडे आणि या पायाची भिंतीकडे असतील, तर खुबा मोडला असं धरूनच चाला.

याला एक अपवाद आहे. मानेचं हाड मोडून एकमेकांत रुतून बसलं असेल तर म्हातारं माणूस लंगडत का होईना, चालतं. पाय आखूड दिसत नाही. घरचे समजतात, मुका मार आहे. मग चोळणं, शेकणं, तेल लावणं सुरू होतं, कोणी हाडवैद्याकडे नेतं आणि तो पाय ओढून पाहतो. रुतलेलं हाड अशानं सुटतं. तीन स्क्रूंवर भागलं असतं, तिथे आता अख्खा बॉल बदलावा लागतो. साठीच्या पुढचं माणूस पडल्यानंतर जांघेत दुखतं म्हणालं, तर ते चालत असलं तरी एक्स-रे काढा. एक्स-रेत काही दिसलं नाही आणि दुखणं तसंच राहिलं, तर एमआरआय किंवा सीटी स्कॅन करावा लागतो, कारण बारीक मोड साध्या एक्स-रेत लपू शकते.

दवाखान्यात पोहोचेपर्यंत काय करायचं?

१०८ ला फोन करा. दोन्ही पायांच्या मध्ये उशी किंवा घडी घातलेली गोधडी ठेवा आणि दुखरा पाय चांगल्या पायाला ओढणीनं सैलसर बांधा. उचलताना धोतर किंवा चादर अंगाखाली सारून चौघांनी उचला, काखेत हात घालून नको. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून आणू नका.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालेल. मेडिकलवाल्यानं दिलेली डायक्लोफेनॅकसारखी गोळी किंवा इंजेक्शन नको. विदर्भाच्या उन्हाळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या अंगातलं पाणी आधीच आटलेलं असतं, त्यात ही औषधं किडनीवर भार टाकतात. रोजच्या गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या, सगळी. रक्त पातळ करणारी गोळी सुरू आहे का, हे आम्हाला सर्वात आधी कळायला हवं.

डॉक्टर एक्स-रेत काय पाहतात? प्रकार किती?

पहिला प्रश्न एकच असतो: मोड सांध्याच्या पिशवीच्या आत आहे की बाहेर?

खुब्याच्या सांध्याभोवती एक जाड पिशवी असते. मान तिच्या आत, उंचवटे बाहेर. गोल डोक्याला जाणारं रक्त बहुतांशी खालून, मानेला चिकटून वर चढणाऱ्या बारीक नसांतून येतं. पाटाच्या अगदी शेवटच्या टोकाला असलेल्या शेतासारखी डोक्याची गत आहे. मध्येच पाट फुटला की तिथे पाणी पोहोचत नाही. मान मोडून सरकली की या नसा तुटतात, डोकं हळूहळू सुकतं आणि मोडही जुळत नाही. उंचवट्यांमधल्या भागात मात्र भरपूर रक्त खेळतं. तिथलं हाड जुळायला मागेपुढे पाहत नाही. तिथे अडचण वेगळी: ते वाकडं आणि आखूड जुळतं, आणि मांडीत खूप रक्त साचतं. पहिल्या दिवशी हिमोग्लोबिन १० असलेली आजी दुसऱ्या दिवशी ८ वर आलेली दिसते, ती याच प्रकारात.

मानेच्या मोडीसाठी जगभर गार्डन या सर्जनांची १९६१ सालची वर्गवारी वापरतात. पहिल्या पायरीत हाड अर्धवट मोडलेलं किंवा रुतलेलं, दुसरीत आरपार मोडलेलं पण जागेवर, तिसरीत थोडं सरकलेलं, चौथीत पूर्ण सुटलेलं. बरेच डॉक्टर व्यवहारात दोनच गट करतात, सरकलेलं आणि न सरकलेलं, आणि मलाही तेच पटतं. पहिली आणि दुसरी, किंवा तिसरी आणि चौथी पायरी नेमकी कुठे बदलते यावर दोन डॉक्टरांचं एकमत होईलच असं नाही, पण सरकलंय की नाही हे सहसा स्पष्ट दिसतं, आणि ऑपरेशन त्यावरच ठरतं.

तरुण रुग्णात आणखी एक गोष्ट पाहतात, मोडीची रेघ किती उभी आहे. पॉवेल्स या जर्मन डॉक्टरांनी १९३५ मध्ये तिचे तीन गट केले: ३० अंशांपेक्षा कमी, ३० ते ५०, आणि ५० च्या वर. रेघ जितकी उभी, तितका उभं राहताना मोडीवर घसरण्याचा जोर जास्त.

पिशवीच्या बाहेरच्या मोडीसाठी एओ या सर्जनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची वर्गवारी आहे. कागदावर ३१ए१, ३१ए२, ३१ए३ असं काही लिहिलेलं दिसेल. ए१ म्हणजे सरळ दोन तुकडे, स्थिर. ए२ म्हणजे तुकडे जास्त आणि बाहेरची भिंत कच्ची. २०१८ च्या सुधारणेत या भिंतीची जाडी २०.५ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर ती कच्ची धरावी, असं ठरलं. ए३ म्हणजे उलटी किंवा आडवी मोड, बाहेरची भिंतच फुटलेली. छोट्या उंचवट्याखाली ५ सेंटिमीटरपर्यंतची मोड हा आणखी वेगळा प्रकार. तिथे स्नायू तुकड्यांना जोरानं ओढतात, त्यामुळे हाड जागेवर आणतानाच सर्जनचा कस लागतो.

एक्स-रे नीट काढणं हेही यातलं मोठं काम आहे. पाय बाहेर कलंडलेला असताना घेतलेल्या फोटोत मान आखूड दिसते आणि मोड झाकली जाते. चांगला तंत्रज्ञ पाय हलक्या हातानं ओढून साधारण १५ अंश आत वळवतो आणि मगच बटण दाबतो. त्या क्षणी आजी ओरडते, घरचे घाबरतात. पण त्या एका फोटोवर पुढचं सगळं ठरतं, तेवढा वेळ तिचा हात धरून उभे राहा.

मग कोणत्या मोडीला कोणतं ऑपरेशन?

मान मोडली, सरकली नाही: तीन स्क्रू. छोटा छेद, कमी रक्तस्राव.

मान मोडली, सरकली, वय साठ-पासष्टच्या आत: हाड जागेवर आणून स्क्रू किंवा प्लेट-स्क्रू. मोहाच्या झाडावरून पडलेला पस्तिशीचा गडी किंवा मोटारसायकलच्या धडकेतला तरुण या गटात येतो. त्याचा स्वतःचा बॉल वाचवायचा प्रयत्न झालाच पाहिजे आणि तो तातडीनं. इथे "सोमवारी बघू" चालत नाही. हाड अगदी बिनचूक जागेवर बसलं तरच आशा असते.

मान मोडली, सरकली, वय जास्त: बॉल बदलणं. अर्धा सांधा बदलतात तेव्हा फक्त डोकं काढून धातूचा गोळा बसवतात. ऑस्टिन मूर आणि बायपोलर ही नावं तुम्ही ऐकली असतील. पूर्ण सांधा बदलताना वाटीही नवी बसवतात. स्वतःच्या पायानं शेतात जाणाऱ्या, भान शाबूत असलेल्या सत्तरीच्या माणसाला पूर्ण सांधा फायद्याचा ठरू शकतो. घरातल्या घरात फिरणाऱ्या माणसाला अर्धा पुरतो. हाड पोकळ असेल तर सिमेंट घालून बसवलेला सांधा कमी दुखतो. त्यात सिमेंट भरताना रक्तदाब एकदम उतरण्याचा धोका असतो, म्हणून हृदयाचे रुग्ण असतील तर भूलतज्ज्ञाशी बोलून ठरवतात.

उंचवट्यांमधली स्थिर मोड, ए१: डीएचएस, म्हणजे सरकता स्क्रू आणि बाजूची प्लेट. जुनं, स्वस्त आणि भरवशाचं.

ए२ मधली कच्ची मोड, ए३ आणि त्याखालची: हाडाच्या पोकळीत रॉड, ज्याला सगळे पीएफएन म्हणतात. ए३ ला डीएचएस लावली तर खालचा तुकडा आत सरकतो आणि प्लेट निकामी होते. स्वस्तात होतं म्हणून तिथे प्लेटचा आग्रह धरू नका.

रॉड असो वा प्लेट, डोक्यातला स्क्रू मधोमध आणि खोल बसला पाहिजे. ऑपरेशननंतर समोरून आणि बाजूनं काढलेल्या दोन्ही एक्स-रेंवर स्क्रूच्या टोकापासून डोक्याच्या शिखरापर्यंतचं अंतर मोजतात. दोन्हींची बेरीज २५ मिलिमीटरच्या आत असली तर स्क्रू फाडून बाहेर येण्याचा धोका खूप कमी होतो. बॉमगार्टनर या सर्जनांनी १९९५ मध्ये हे मांडलं. हे मोजमाप डॉक्टरांना जरूर विचारा. कोणी रागावणार नाही.

आबाजीचं वय ८५ आहे. आता ऑपरेशन कायले करता? किती दिवसांचे राहिले?

हा प्रश्न बहुतेक वेळा प्रेमापोटी येतो. त्यामागे भीती असते, टेबलवरच काही झालं तर? ती भीती खरी आहे. खुबा मोडलेल्या वयस्कर माणसांपैकी साधारण चार-पाचांत एक जण वर्षाच्या आत दगावतो, ऑपरेशन करूनही. पण ऑपरेशन न करता खाटेवर ठेवलेल्या माणसाचं काय होतं, ते गावात सगळ्यांनी पाहिलेलं असतं, फक्त त्याचं कारण खुब्याला कोणी लावत नाही. कूस बदलता येत नाही म्हणून माकडहाडावर जखम होते. उताणं पडून छातीत कफ साचतो, न्यूमोनिया होतो. पायात रक्ताची गुठळी होते, लघवीला जंतुसंसर्ग होतो, खाणं तुटतं, माणूस भ्रमात बडबडतो. लोक म्हणतात, वयानं गेले.

म्हणून मी नातेवाइकांना सांगतो, हे ऑपरेशन आबाजीला दहा वर्षं जास्त जगवायला करत नाही. त्यांना उद्या बसवता यावं, कुशीवर वळवता यावं, संडासला नेता यावं, त्यांचं दुखणं थांबावं, यासाठी करतो. आधीपासून खाटेला खिळलेल्या माणसालाही रॉडचा उपयोग होतो, कारण त्यानंतर त्याला धुताना, कपडे बदलताना किंचाळायची वेळ येत नाही.

ऑपरेशन नको असा निर्णय कधीच योग्य नसतो का? असतो. माणूस अखेरच्या टप्प्यात असेल, ऑपरेशन झेपणारच नाही असं भूलतज्ज्ञ आणि फिजिशियन दोघं म्हणत असतील, तर दुखणं थांबवून, नस बधिर करून, शांतपणे सेवा करणं हाच उपचार. तो निर्णय सगळ्यांनी मिळून, रुग्णालाही विचारून घ्यावा.

वजन लावून सहा आठवडे ठेवलं तर हाड जुळणार नाही का?

सरकलेली मान जुळणार नाही. उंचवट्यांमधलं हाड कदाचित जुळेल, पण वाकडं, आणि तोवर वर लिहिलेलं सगळं घडायला वेळ मिळेल. पायाला लावलेलं दोन-तीन किलोंचं वजन हा ऑपरेशनपर्यंतचा तात्पुरता आधार आहे. त्यानं प्रत्येकाचं दुखणं कमी होतंच असंही नाही.

किती लवकर करायला हवं?

शक्यतो पहिल्या ३६ ते ४८ तासांत. २०२० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये १७ देशांतल्या जवळपास ३,००० रुग्णांचा अभ्यास आला. निदानानंतर सुमारे ६ तासांत ऑपरेशन झालेले आणि साधारण २४ तासांत झालेले, यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण सारखंच होतं. पण लवकर झालेल्यांमध्ये भ्रम कमी होता आणि ती माणसं लवकर उभी राहिली. म्हणजे रात्री दोनला धावपळ करायची गरज नाही, पण आठ-दहा दिवस वाट पाहणं घातक आहे.

आपल्याकडे वेळ कुठे जातो, ते मी रोज पाहतो. सिरोंचा, भामरागड किंवा मेळघाटातल्या धारणीहून निघालेला रुग्ण आधी गावात थांबतो, मग तालुक्याला एक्स-रे, मग जिल्ह्याला, मग "नागपूरला मेडिकलला (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात) न्या" असं कोणी सांगतं. मुलगा पुण्याहून येईपर्यंत सही थांबते. माझी कळकळीची विनंती आहे: सही फोनवर बोलून ठरवा, आणि पहिल्याच ठिकाणी विचारा की इथे सी-आर्म मशीन (ऑपरेशन सुरू असतानाच एक्स-रे दाखवणारं), भूलतज्ज्ञ आणि रक्त आहे का. नसेल तर तिथे रात्र काढू नका. नागपूरचं मेडिकल, मेयो आणि एम्स, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदियाची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, यांपैकी जे जवळ असेल तिथे थेट निघा.

काही तपासण्यांसाठी थांबणं रास्त आहे. सोडियम फार उतरलेलं, साखर बेसुमार वाढलेली, छातीत पाणी झालेलं, हे आधी सावरावं लागतं. ॲस्पिरिन सुरू आहे एवढ्यासाठी आठवडाभर थांबायची गरज नसते.

आपल्या भागात डॉक्टरांना मुद्दाम काय सांगावं?

सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार. पूर्व विदर्भात तो बऱ्याच कुटुंबांत आहे. सिकलसेलचं लाल किंवा पिवळं कार्ड असेल तर दाखवा, नसेल आणि घरात कोणाला असेल तर तपासणी करून घ्या. सिकलसेलच्या रुग्णाला ऑपरेशनमध्ये थंडी, पाण्याची कमतरता आणि कमी ऑक्सिजन, तिन्ही सोसत नाहीत. शिवाय त्याच्या खुब्याचं डोकं आधीच सुकलेलं असू शकतं, मग स्क्रू घालून उपयोग नाही.

फ्लोराइड. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही गावांच्या बोअरच्या पाण्यात ते जास्त आहे. अशा माणसाचं हाड एक्स-रेत दाट, पांढरं दिसतं आणि तरी ठिसूळ असतं. मणके जुळून पाठ ताठ झाली असेल तर पाठीत भुलीची सुई देणं कठीण जातं.

आणि खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण. लपवू नका. वर्षानुवर्षं खर्रा खाणाऱ्याचं तोंड बऱ्याचदा दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नाही. पूर्ण भूल देताना श्वासाची नळी घालायला हीच मोठी अडचण होते, आणि ती टेबलवर कळण्यापेक्षा आदल्या दिवशी कळलेली बरी. तंबाखूनं हाड जुळायलाही उशीर होतो.

ऑपरेशन पुढे ढकललं तर उपाशीच ठेवायचं का?

नाही. जेवणानंतर ६ तास, साध्या पाण्यानंतर २ तास, एवढंच पुरे असतं. आज नंबर लागणार नाही असं कळलं की लगेच सिस्टरला विचारून खाऊ घाला. म्हातारं माणूस तीन दिवस अर्धपोटी राहिलं तर त्याची ताकद तिथेच संपते.

खर्चाचं काय?

महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत आता एकत्र चालतात. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. सत्तरीच्या पुढच्यांसाठी २०२४ पासून उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान कार्ड मिळतं. राशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा, आणि योजनेतल्या रुग्णालयात पोहोचताच आरोग्यमित्राला गाठा. तुमचं नेमकं ऑपरेशन त्या रुग्णालयात योजनेत बसतं का, हे पैसे भरण्याआधी विचारा.

ऑपरेशननंतर कधी चालायचं?

दुसऱ्या दिवशी बसायचं, वॉकर धरून उभं राहायचं. वयस्कर माणसात ऑपरेशन असं करायचं असतं की पायावर लगेच भार देता येईल. "तीन महिने पाय टेकवू नका" असं म्हाताऱ्या माणसाला सांगणं म्हणजे त्याला पुन्हा खाटेवर ढकलणं. तरुणाच्या मानेच्या स्क्रूंची गोष्ट निराळी, तिथे सहा ते बारा आठवडे भार जपून देतात.

टाके साधारण दोन आठवड्यांनी निघतात. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिलेली औषधं महिनाभर चालू शकतात, ती मध्येच थांबवू नका. पोटरी सुजली, दम लागला, जखमेतून पाणी आलं, किंवा पाय एकदम आखूड होऊन वळला, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता दाखवा.

संडासला उकिडवं बसता येईल?

बॉल बदलला असेल तर नाही. उकिडवं बसणं, मांडी घालणं, खाली पाटावर बसणं, पायावर पाय टाकणं, यांनी बसवलेला गोळा निखळू शकतो. कमोड खुर्ची घ्या. ती नसेल तर गावचा सुतार मजबूत खुर्चीला गोल भोक पाडून देतो, तेही चालतं. झोपताना दोन्ही पायांत उशी ठेवा. रॉड किंवा प्लेट असेल तर हाड जुळल्यावर हळूहळू सूट मिळते.

दुसरा खुबा मोडू नये म्हणून?

या प्रश्नाकडे सगळ्यांचंच दुर्लक्ष होतं, डॉक्टरांचंही. उभ्या उंचीवरून पडून खुबा मोडला याचा अर्थ हाड पोकळ झालं आहे, आणि ते दोन्ही बाजूंना पोकळ आहे. हाडाची घनता मोजणारं डेक्सा मशीन जवळ नसेल तरी उपचार अडत नाहीत, मोड हाच पुरावा. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तर हवंच. त्याशिवाय झोलेड्रोनिक ॲसिडचं वर्षातून एकदा सलाईनमधून द्यायचं इंजेक्शन आहे. २००७ च्या मोठ्या अभ्यासात खुब्याच्या ऑपरेशननंतर ९० दिवसांच्या आत ते दिलेल्यांत नव्या मोडी ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू २८ टक्क्यांनी कमी झाले. ते देण्याआधी किडनीची तपासणी करून ड जीवनसत्त्वाची कमतरता भरून काढावी लागते. डिस्चार्ज कार्डावर याबद्दल काहीच लिहिलेलं नसेल तर स्वतःहून विचारा.

आणि घर पाहा. नहाणीतली शेवाळलेली फरशी घासा, तिथे जीआय पाइपचा तुकडा भिंतीत बसवून घ्या, रात्री लघवीच्या वाटेवर छोटा दिवा ठेवा. मोतीबिंदू असेल तर काढून घ्या. झोपेची गोळी सुरू असेल तर डॉक्टरांना विचारून कमी करा. जेवणात रोज डाळ, अंडं किंवा दूध-दही असू द्या. नुसत्या भाकर-चटणीवर मांडीचे स्नायू भरत नाहीत.

पडून दोन महिने झाले, आता उशीर झाला का?

दाखवा, मार्ग असतो. म्हाताऱ्या माणसाची न जुळलेली मान असेल तर सांधा बदलता येतो. तरुणात हाडाचा कोन बदलून किंवा पायाच्या बारीक हाडाचा तुकडा घालून स्वतःचा बॉल वाचवण्याचा प्रयत्न करतात, आणि डोकं अजून जिवंत असेल तर तो यशस्वीही होतो. मात्र ताज्या मोडीइतकी खात्री देता येत नाही.

तरुणाला स्क्रू घातले, हाड जुळलं. आता मोकळं?

नाही. डोकं सुकायला दोन वर्षंही लागू शकतात. तोवर बोलावल्याप्रमाणे एक्स-रे करा. जांघेत पुन्हा कळ सुरू झाली तर आधीच या.

रॉड, प्लेट नंतर काढावी लागते का?

म्हाताऱ्या माणसात नाही, त्रास नसेल तर ती आयुष्यभर राहते. तरुणात स्क्रूचं डोकं टोचत असेल तर हाड पूर्ण जुळल्यावर काढतात. कोणतं इम्प्लांट बसवलं त्याचं स्टिकर डिस्चार्ज कार्डावर चिकटवलेलं असतं. ते कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून राशन कार्डाजवळ ठेवा, पुढे ते काढायची वेळ आली तर सर्जनला त्यावरूनच कोणतं हत्यार लागेल ते कळतं.